कांबीचा शेवटचा कस

वऱ्हाडात सोन्याची शपथ घेणारे गल्लोगल्ली सापडतील, पण सोन्यानं शपथ देणारं मंडळ अवघ्या पृथ्वीतलावर एकच, आणि ते रिसोडचं. कारागीर मंडळाच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचं हे पहिलं वाक्य सतीश उंबरकरनं स्वतः लिहिलं होतं, आणि उद्या सकाळी शतक महोत्सवाच्या मांडवात तो ते स्वतःच वाचणार होता. पृथ्वीतलाची चौकशी त्यानं मालेगावपर्यंत केली होती.

हे वाक्य ज्या सोन्याबद्दल होतं, ते सोनं दुपारी जेवणं झाल्यावर त्याच्या आईनं, कस्तुराबाईंनी, कुंकवाच्या चांदीच्या डबीतून काढलं. दुकानाच्या वरच्या खोलीत घरचे सगळे गोल करून बसले होते. डबीतून आधी कापूस निघाला. मग आणखी कापूस निघाला. सतीशचा धाकटा भाऊ गणेश चष्मा कपाळावर सारून वाकला.

"कांब कुठी हाय वो माय?"

"हे काय."

"हे? अन् बाकीची?"

"दगडावर गेली," कस्तुराबाई म्हणाल्या, जणू कांब बाजारात गेली होती आणि तिन्हीसांजेला परत येणार होती.

कापसात तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पिवळं होतं. इतिहासात सतीशनं 'बोटभर लांबीची तेजस्वी कांब' असं लिहिलं होतं, आणि तेही वर्तमानकाळात.

कांब ओतली ती सतीशच्या पणजोबांनी, नथ्थू सोनारांनी. शिरपूरच्या यात्रेत कोण्या परगावच्या व्यापाऱ्यानं चारचौघांत म्हटलं होतं, की या मुलखात सोनं आणि पितळ एकाच मुशीतून निघतं. नथ्थू सोनार, लखमा कासार आणि एक ओतारी अशा तिघांना हे एकाच वेळी झोंबलं. त्याआधी तिघं एकमेकांच्या ओट्यावर टेकतही नव्हते. अपमानानं त्यांना एका सतरंजीवर आणलं. तिघांनी बायकांच्या अंगावरचं सोनं 'त्यागपूर्वक' उतरवलं (बायकांचं मत इतिहासात आलेलं नाही), ते तावून-सुलाखून शंभर नंबरी केलं आणि तर्जनीएवढी कांब ओतली. नियम एकच. ज्याला या मुलखात कारागीर म्हणवून घ्यायचं असेल, त्यानं भरसभेत त्या कांबीनं कसोटीच्या काळ्या दगडावर एक रेघ ओढायची आणि म्हणायचं, "माह्या मालाचा कस याच्या बाजूले लावा."

शपथ एवढीच. त्यात देव नाही, आईबाप नाहीत, लेकराबाळांच्या डोक्यावर हात नाही. रेघ पुढच्या सभेपर्यंत दगडावर राहायची, आणि कोणत्याही गिऱ्हाइकानं आपला डाग-दागिना घेऊन यावं, शेजारी दुसरी रेघ ओढायला लावावी आणि रंग पाहावा. तांब्याची घंगाळं ठोकणारे कासारही याच सोन्यानं शपथ घेत आणि देवळाच्या घंटा ओतणारे ओतारीही. तांबं सोन्याच्या शेजारी लावून काय कळणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सतीशला मंडळाचं नेमकं हेच आवडायचं. हा भाग लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो भाग त्यानं मोठ्या अक्षरात छापायला सांगितला होता.

नथ्थू सोनारांची रेघ जवाएवढी होती. पुढच्या लोकांना ती आखूड वाटली. माणूस मोठा तर रेघ मोठी, असं कुणी ठरवलं नाही, पण पाळलं सगळ्यांनी. पन्नास वर्षांच्या सोहळ्यात सतीशच्या बाबांनी, रामकिसनजींनी, दगडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली. पाठोपाठ ओतारी उठले आणि त्यांनी कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढली, कारण ती जास्त लांब पडते. एका उपाध्यक्षांनी 'श्री' काढला. एका पाहुण्या पुढाऱ्याला मानाची रेघ दिली, तर भाषणातल्या मुद्द्याखाली ओढावी तशी त्यांनी ती दाबून दोनदा ओढली. शंभर वर्षं मंडळात मोठी माणसं होत गेली, आणि कापसात कणी उरली.

सतीशच्या मुलीनं, तनुजानं, ती कणी चिमट्यात धरून उजेडाकडे केली.

"एक रेघ निघन. लहानशी. मग चिमट्यातच धरता येणार नाही."

"एकच?" गणेशचा मुलगा धीरज म्हणाला. त्याचा आवाज जरा चढा लागला, कारण बसस्टँडच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागलेला होता. त्यावर तो हात जोडून उभा होता आणि खाली 'भावी अध्यक्ष' असं होतं.

अडचण अशी, की उद्या सतीश अध्यक्षपद सोडणार होता. खुर्ची उंबरकरांच्या घराबाहेर आजवर गेली नव्हती, आणि ज्यानं कस, म्हणजे ती शपथेची रेघ, ओढला नाही अशा माणसाला खुर्ची नव्हती. धीरजनं कस ओढलेला नव्हता. तनुजानंही नव्हता. जयपूरला दागिन्यांचं शिक्षण घेऊन ती परत आली त्याला बरीच वर्षं झाली. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती जुन्या घडणीच्या एकदाण्या आणि सऱ्या करायची, आणि वाशीम-अकोल्याहून बाया गाडी करून तिच्याकडे यायच्या. मंडळात मात्र बाईनं कस ओढलेला नव्हता. तशी मनाई नव्हती. कुणाला मनाई करायचं सुचलंच नव्हतं.

"आता याच्यात बोलण्यासारखं काय हाय?" गणेश म्हणाला. "धीरज घरचा पोरगा. अन् तनुजाचं उद्या लगन झालं, का थे कस घेऊन जाईन सासरी."

"दगड तं इथीच राहीन ना काका," तनुजा म्हणाली.

"धीरज, तू शेवटचा डाग कवा घडवला?" चंदाबाईंनी, तनुजाच्या आईनं, चहाचे कप गोळा करता करता विचारलं.

"मोठी आई, आता घडवते कोण? मशीन घडवते. आपण विश्वास विकतो."

"मंग विश्वासानंच ओढ रेघ," तनुजा म्हणाली. "सोनं कायले पाह्यजे तुले?"

धीरज हसला. तो चांगला मुलगा होता आणि त्याला टोमणे लागत नसत. धंद्यात या गुणाचा फार उपयोग व्हायचा. "मोठेबाबा, तुमीच सांगा," तो सतीशला म्हणाला. "मंडळाले पुढं नेणारा माणूस पाह्यजे का नाही? भट्टीपुढं बसणाऱ्याले मिटिंगले वेळ कुठी असते?"

सतीशनं आईकडे पाहिलं. हे त्याचं जुनं कौशल्य होतं. कस्तुराबाईंनी कापूस पुन्हा डबीत भरला.

"पोराच्या हातानं होऊ दे," त्या म्हणाल्या. "तुह्या बाच्या मनात असंच असतं."

"आजी, आजोबांनी मले फुंकणी धरायले शिकवली," तनुजा म्हणाली. "धीरजले मोटरसायकल शिकवली."

तनुजाचा आवाज चढलेला नव्हता, पण चिमटा तिनं इतक्या हळू खाली ठेवला की सतीशनं नजर दुसरीकडे वळवली. आपली मुलगी या जिल्ह्यात सगळ्यात चांगलं काम करते हे त्याला ठाऊक होतं. हे त्यानं बऱ्याच लोकांना सांगितलंही होतं; फक्त मंडळातल्या लोकांना नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि मालेगावचे नानाजी कासार वर आले. लखमा कासारांचे हे नातू. वय ऐंशीच्या पुढं, उद्याच्या सोहळ्यासाठी आदल्या दिवशीच एसटीनं आलेले, आणि काखेत स्टीलचा डबा. गणेशनं त्यांना खुर्ची दिली. त्यांनी खुर्चीवर डबा ठेवला आणि स्वतः सतरंजीवर बसले.

"कांब सरली म्हणते," ते म्हणाले.

"तुमाले कोणं सांगतलं?" गणेशनं विचारलं.

"बापा, दगड घासला का सोनं सरते. याले कोणी सांगा लागते का?" त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत काळपट मेणाचे गोळे होते, एकाला एक चिकटलेले. "सरलं तं सरलं. पण गेलं कुठी, हे इचारा ना."

कसोटीवरची रेघ मेणानं पुसतात. मेणाचा गोळा दगडावर दाबला की रेघेचं सोनं मेणात येतं आणि दगड पुन्हा काळा होतो. मंडळ स्थापन झालं तेव्हाच वाटणी ठरली होती: कांब सोनारांकडे, मेण कासारांकडे. दर दिवाळीला उंबरकरांच्या दुकानातला मेणाचा गोळा मालेगावला जायचा. उंबरकरांच्या घरात हा गरीब नातेवाइकाला पाठवलेला फराळ समजला जाई. कासारांच्या घरात ती तिजोरी समजली जाई. शंभर वर्षांत दोघांनी एकमेकांना आपली समजूत सांगितली नव्हती.

"म्हणजे सगळ्यांचे कस याच्यात हायेत?" धीरजनं विचारलं.

"तुह्या आजाचा हाय. त्याच्या बाचा हाय. त्या पुढाऱ्याचाही हाय, दोनदा हाय."

तनुजानं एक गोळा हातात घेऊन नखानं कोरला आणि नखाकडे पाहिलं. "जाळून काढता येते," ती म्हणाली. "बरंच निघन."

"निघन ना. पण माहं एक म्हणणं हाय." नानाजी सतीशकडे वळले. "तू इतिहास लिवला. त्यात आमचं काय लिवलं?"

सतीशला पाठ होतं. "'कासार बांधवांचं मोलाचं सहकार्य लाभलं.'"

"सहकार्य मांडववाल्याचं असते," नानाजी म्हणाले. "तू असं लिव, का मंडळाचं सोनं कासारांनी राखलं."

"वा रे वा!" गणेश उसळला. "कांब चार पिढ्या आमच्या घरात, अन् राखली तुमी?"

"तुमी घासली, गणेश. राखली आमी."

गणेशनं कणीच्या डबीकडे पाहिलं. मग त्यानं आईकडे पाहिलं, धीरजनं बापाकडे, चंदाबाईंनी तनुजाकडे, आणि सगळ्यांनी मिळून सतीशकडे. सतीशनं त्या वाक्यावर एक आख्खी संध्याकाळ घातली होती. नवं वाक्य खरं होतं, म्हणून ते लिहायला जास्त जड गेलं.

"देऊन टाक वाक्य," कस्तुराबाई म्हणाल्या. "वाक्यानं काय होते? सोनं तं येते."

असं मंडळाच्या इतिहासात कासारांचं वाक्य आलं आणि कासारांचं मेण खालच्या खोलीत, तनुजाच्या भट्टीपाशी आलं.

मेण जळताना खोलीभर देवळासारखा आणि थोडासा तळणासारखा वास पसरला. सगळे दाराशी दाटीनं उभे होते; घरात मूल जन्मायचं असतं तेव्हा बाहेर उभे राहतात तसे, फक्त इथं आत बघता येत होतं. तनुजानं राख मुशीत घातली, वर टाकणखार टाकला आणि आच वाढवली. ती एकदाही मागं वळली नाही. सतीशनं तिला रोज काम करताना पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की आपण इतिहासात जे जे लिहिलं, ते ते या खोलीत नुसतं बसून बघता आलं असतं.

मुशीच्या तळाशी सोनं गोळा होऊन डोळ्यासारखं उघडलं. नानाजींनी टोपी काढली. गणेशचा हात आपोआप नमस्काराला गेला.

"आता एक करा लागते," तनुजा म्हणाली. "हे असंच नाही ओतता येत. याच्यात चांदी घालून तेजाबातून काढते. भेसळ तेजाबात विरघळते, उद्या दुपारपर्यंत शुद्ध होऊन जाईन."

"तेजाब?" गणेश म्हणाला.

"तेजाब?" नानाजी म्हणाले.

लखमा कासारांच्या काळापासून उंबरकर आणि कासार एका स्वरात बोलल्याची ही पहिली नोंद असावी.

"हे नुसते शपथेचे कस नाहीत," तनुजा म्हणाली. "हाच दगड आजोबा रोज दुकानात वापरत. लोकायची मोड यायची, जुने मणी, फुटक्या बाळ्या. त्याचे कस त्याच मेणानं पुसले. सगळं मिसळलं हाय याच्यात."

"पोरी, दुकान उंबरकरांचं होतं," गणेश म्हणाला. "आमच्या दुकानात आलेलं सोनं..."

"गिऱ्हाइकाचं होतं काका."

"शंभर वर्षांच्या शपथा हायेत त्याच्यात," नानाजींची काठी जमिनीवर आपटली. "माह्या आजाचा शब्द हाय. त्याले तू तेजाबात टाकतं? मंडळाच्या सोन्यावर शक? मंग त्या यात्रेतल्या व्यापाऱ्यात अन् तुह्यात काय फरक राह्यला?"

"फरक हा, का मले सोनं शुद्ध पाह्यजे."

"ते शुद्धच हाय!" दोघंही म्हणाले.

इतक्यात कस्तुराबाई गर्दीतून वाट काढत पुढं आल्या, डबी उघडली, आणि कुणी हात धरायच्या आत ती कणी मुशीत सोडली. कापसासकट. कापूस भुर्रकन जळाला.

"आजी! ते आपलं माप होतं! तेवढंच खरं होतं!"

"एकटं राहून काय करन थे?" कस्तुराबाई म्हणाल्या. "आपल्या माणसायत गेलं."

तनुजा थांबली. तिनं बापाकडे पाहिलं. अध्यक्ष अजून सतीशच होता; त्यानं 'थांबा' म्हटलं असतं तर मूस थांबली असती, तेजाब आला असता, आणि उद्याचा कार्यक्रम संध्याकाळवर गेला असता. पण सतीशच्या डोक्यात एव्हाना वाक्य तयार झालं होतं: 'शंभर वर्षांच्या साऱ्या शपथा आज एका कांबीत एकवटल्या आहेत.' त्यात तेजाब बसत नव्हता.

"ओत," तो म्हणाला.

तिनं ओतलं. हात जराही हलला नाही. कांब निघाली ती अर्ध्या करंगळीएवढी, सरळ, एकाही फोडाशिवाय. सगळ्यांनी ती हातोहात पाहिली आणि ज्याच्या हातात गेली तो थोडा ताठ झाला.

"आता दोघंही ओढतीन," गणेश समाधानानं म्हणाला. "पयला धीरज, मंग तनुजा."

"नाही," कस्तुराबाई म्हणाल्या.

"माय, दुपारी तूच म्हणली का पोराच्या हातानं."

"दुपारी कांब नव्हती. कांब जिनं ओतली, कस तिचा पयला. नथ्थूजीनं ओतली, तं पयला त्यायनंच ओढला. हे घर हाय का धर्मशाळा?"

"अन् खुर्ची?"

"पयला कस, त्याची खुर्ची," नानाजी म्हणाले. "मालेगाव पोरीच्या बाजूनं." तेजाबावरून ते तिच्यावर अजून रागावलेलेच होते, पण उंबरकरांच्या घरात फूट पडत असताना एका बाजूला उभं राहणं त्यांच्या घराण्यानं कधी सोडलं नव्हतं.

गणेशनं मुलाकडे पाहिलं. धीरज मोबाइलवर आपल्याच फ्लेक्सचा फोटो बघत होता.

"मले चालते," तो म्हणाला. "'भावी' तं हायच फ्लेक्सवर."

सकाळी मांडव भरला. रिसोड, मालेगाव, शिरपूर, मंगरूळपीर, कुठून कुठून सोनार, कासार, ओतारी सहकुटुंब आले. ज्यांनी स्टीलची दुकानं टाकली तेही आले, ज्यांची मुलं पुण्यात कंपनीत आहेत तेही आले, आणि सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे आवाज खोल करून एकमेकांना आजोबांची नावं सांगितली. सतीशनं इतिहास वाचला. पृथ्वीतलाला टाळ्या मिळाल्या. कासारांच्या वाक्याला मालेगावकडची बाजू उभी राहिली, आणि नानाजी बसूनच राहिले. त्यांना उभं राहायची गरज नव्हती.

मग काळा दगड लाल कापडावर ठेवला. शंभर वर्षांत त्या दगडापुढे बाई बसलेली नव्हती, त्यामुळे मांडवात मागच्या बाजूला बायका उठून उभ्या राहिल्या आणि पुढच्या पुरुषांना 'खाली बसा, दिसून नाही राह्यलं' असं म्हणाल्या. तनुजानं पदर खोचला. तिच्या बोटांवर तेजाबाचे जुने डाग होते. तिनं कांब धरली, एक आखूड रेघ ओढली, आणि माइकशिवाय, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं म्हणाली,

"माह्या मालाचा कस याच्या बाजूले लावा."

मग सगळा मांडव उठला. चंदाबाई रडत होत्या, गणेश टाळ्या वाजवत होता आणि त्याला स्वतःलाच ते उशिरा कळलं. कस्तुराबाई मात्र बसून होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "मीनंच म्हणलं, पोरीच्या हातानं होऊ द्या." सतीशला वाटलं, मंडळाचा इतिहास लिहिण्यासारखा आज पहिल्यांदा घडला, आणि आपण तो छापून मोकळे झालो. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती टाळ्यांकडे लक्ष न देता दगडाकडे बघत होती.

पाठोपाठ धीरजनं रेघ ओढली, कडेपासून कडेपर्यंत, फोटोग्राफर तयार झाल्यावर.

मग दर्शनाला रांग लागली. एकेक जण वाकायचा, दगडाला कपाळ टेकायचा, आणि उठता उठता सवयीनं रेघेचा रंग बघायचा. त्या मांडवात नुसत्या नजरेनं कस सांगणारी माणसं पुष्कळ होती. वाकलेला प्रत्येक सोनार तिथं एक श्वास जास्त थांबला, उठला, तनुजाला नमस्कार केला आणि पुन्हा टाळ्या वाजवत जागेवर जाऊन बसला.

कस अठरा कॅरेटचा होता.